लोणारला, तुझ्याशिवाय

मलकापूर, रविवार

प्रिय भामा,

नाशिकला लेकीकडे तुझी तब्येत सुधारतेय, हे प्रेरणाच्या फोनवरून कळत असतं. इकडे माझंच अंग अजून धरलेलं आहे. लोणारचा कार्यक्रम होऊन आठवडा होत आला, तरी उजवा हात वर जात नाही. वेणी घालायला सून लागते. डॉक्टर म्हणाले, "बाई, या वयात ड्रम कसले वाजवता, आता बसा." म्हटलं, बसूनच तर वाजवते.

मोतीरामच्याच टेम्पोनं गेलो. राजूरचा घाट चढताना त्याचं ते नेहमीचं गुणगुणणं सुरू होतं. गोविंदा बेस गिटार पोटाशी धरून झोपला होता. खिडकीपाशी तुझ्या जागेवर समीक्षा बसली होती. तू तिला पाहिलेलं नाहीस. दुसरबीडची पोर, तिथल्याच एका कृषी केंद्रात बियाणं-खतं विकते. वाटभर गाण्यांची वही उलटत होती. मेहकरच्या पुढे एकदम म्हणाली, "मावशी, गाताना मी शब्द इसरली तं?" स्टेजची धास्ती घेतली होती तिनं. मला आपलं पहिलं वर्ष आठवलं. माझे वडील रेल्वेत गार्ड, म्हणून भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमधला तो फुटका ड्रमसेट आपल्याला मिळाला. कॉलेजात आपण दोघी पोरांबरोबर वाजवतो-गातो म्हणून गावभर चर्चा. तुझे वडील, नारायणराव, तुला हाताला धरून घरी न्यायला आले आणि दारातच उभ्यानं तीन गाणी ऐकत राहिले. जाताना एवढंच म्हणाले, "आवाज चांगला हाय, पण एवढं रडता काऊन?" गावातून जाणाऱ्या हायवेच्या नंबरावरून आपण बँडला 'हायवे सहा' नाव दिलं. सरकारनं पुढे रस्त्याचा नंबर बदलला, आपण नाव तेच ठेवलं.

लोणारला कॉलेजच्या मैदानावर संध्याकाळी कार्यक्रम होता. निम्म्या खुर्च्या रिकाम्या. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मोतीरामला विचारलं, "हे भजन हाय का इंग्रजी?" पूर्वी मोतीरामनं त्याला ब्लूज या अमेरिकी गाण्यांवर अर्धा तास भाषण ऐकवलं असतं. या वेळी नुसतं म्हणाला, "दुःखाचं हाय काका, ऐका." आणि गिटारच्या तारा जुळवायला लागला. तोही थकलाय गं.

ड्रमवाल्या बाईला आयुष्यभर बाकीच्यांच्या पाठीच दिसतात. तुझी पाठ मला पाठ आहे. सूर लावण्याआधी तुझा उजवा खांदा किंचित वर जायचा, त्यावरून मी ठोका धरायची. समीक्षाचा खांदा हलतच नाही. पहिल्याच गाण्यात मी दोनदा चुकले. ती वळली, माइक बाजूला धरून म्हणाली, "मावशी, तुम्ही वाजवा, मी येते मांगून." आणि आली. एवढ्या वर्षांत मीच सगळ्यांच्या मागून जात आले. कुणी माझ्या मागून येण्याची मला सवयच नव्हती.

मग तुझं कापसाच्या जिनिंग मिलच्या भोंग्याचं गाणं झालं. शेवटच्या ओळीला आवाज वर चढतो, तिथं माझा हात आपोआप झांजेवर गेला. समीक्षाचा सूर सरळ वर गेला. हात मी तसाच अधांतरी धरला. भामा, ही गोष्ट तुला कधी सांगितली नाही. शेवटची काही वर्षं त्या जागी तुझा आवाज चिरायचा. लोकांना कळू नये म्हणून मी झांज जोरात मारायची. उतरल्यावर तू कुरकुरायचीस, "महामाये, किती बदडतेस!" आणि मी हसण्यावारी न्यायची. गळ्यात गाठ आहे हे डॉक्टरांनी सांगितलं, त्याच्या कितीतरी आधीपासून मी घाबरलेली होते. प्रत्येक कार्यक्रमात त्या ओळीची धास्ती घेऊन वाजवायची. माझा खांदा काही उगीच गेला नाही.

परवा तू बँडच्या ग्रुपवर त्याच गाण्याचं रेकॉर्डिंग टाकलंस आणि खाली लिहिलंस, "गळा मोकळा झाला, पाडव्याच्या कार्यक्रमाला मी येते." मोतीरामनं हात जोडले, गोविंदानं फूल पाठवलं. मग दोघं माझ्याकडे चहाला आले. मी रेकॉर्डिंग पुन्हा पुन्हा ऐकलं. आवाज स्वच्छ आहे, गोडही आहे. पण वर जाताना तू थांबलीस, आणि ओळ खाली वळवलीस. तुलाही ते ठाऊक आहे. पाडव्याला समीक्षा गाईल. त्यानंतरही तीच. "नको" हा शब्द त्या दोघांच्या तोंडून निघाला नाही, आधी माझ्याच तोंडून निघाला. मग मोतीराम म्हणाला, "तूच सांग तिले, आमच्यानं नाही होत." फोनवर तुझा आवाज ऐकला असता तर मी "ये" म्हणून बसले असते, म्हणून हे पत्र. रागाव, शिव्या दे, रात्री-बेरात्री फोन करून भांड; मी उचलीन. फोन आलाच नाही, तर मात्र काय करायचं ते मला सुचणार नाही.

तुझीच,
महामाया