सर्वक्षेत्रीय श्रद्धांजली सभा, अर्जुनी मोरगाव

२ जानेवारी
नवीन वर्षाचा संकल्प काल करायचा होता, पण गेल्या वर्षीचा काय होता ते आठवत बसलो. आज करतो. साऊंड सर्व्हिसचा धंदा दिवाळीपासून मुलाच्या, हेमेंद्रच्या, हवाली केला आहे. (तो म्हणतो, त्यानेच घेतला. शब्दांचा फरक.) इतकी वर्षं दुसऱ्यांच्या हातात माईक दिला. यंदापासून स्वतःच्या हातात. समाजासाठी.

३ जानेवारी
पेपरात आतल्या पानावर बातमी. दिल्लीत एक मोठे शास्त्रज्ञ वारले. टपरीवर गेलो तर कुणाला पत्ता नाही. सगळे धानाच्या बोनसवर बोलून राहिले होते. मी विचारलं, शास्त्रज्ञ गेले, माहीत आहे का? एक जण म्हणाला, "कोणाचे पाहुणे होते?"
तिथेच ठरवलं. स्मृती मंच, अर्जुनी मोरगाव. संस्थापक अध्यक्ष उदाराम कापगते. महिनाभरात देशात जेवढे मोठे लोक जातील, त्या सगळ्यांना महिनाअखेरीस एकाच सभेत श्रद्धांजली. एकेकट्यासाठी मंडप टाकणं परवडत नाही, हे धंद्यातल्या माणसालाच कळतं.
बायकोला सांगितलं. जमुना म्हणाली, "जित्या माणसाईशी धड बोलत नाही तुमी, अन् मेलेल्याईची सभा कायले?" विषयाची खोली तिच्या लक्षात आलेली नाही.

६ जानेवारी
कोलकात्याच्या एक शास्त्रीय गायिका गेल्या. कला क्षेत्र झालं. केरळचे एक माजी मंत्री गेले. राजकारण झालं. क्रीडा क्षेत्र अजून रिकामं. महिना आत्ताच सुरू झाला आहे. धीर धरला पाहिजे.

१० जानेवारी
क्रीडा क्षेत्र! पंजाबचे जुने हॉकी गोलकीपर. पेपर उघडताच तोंडून "मिळाले!" निघून गेलं. सूनबाई अंजूने विचारलं, काय मिळालं बाबा? मी ताबडतोब चेहरा गंभीर केला. चहा मात्र दोनदा घेतला.
जमुना आता पेपर लपवून ठेवते. म्हणते, "तुमी वाट पायता म्हणूनच मरून राहिले ते लोक."

१२ जानेवारी, दुपारी
भाषणाला सुरुवात. प्रत्येकाला पाचच मिनिटं, कडक नियम.
शास्त्रज्ञांचं संशोधन कशावर होतं ते पेपरात दोन ओळींत दिलं होतं. त्याही समजल्या नाहीत. म्हणून मला एकदा गणपतीत अ‍ॅम्प्लिफायरचा शॉक लागला होता, तो प्रसंग घेतला. विज्ञानच ते. गायिकेचं गाणं कधी ऐकलेलं नाही, तेव्हा चांगल्या आवाजासाठी माईक तोंडापासून किती दूर धरावा, यावर बोललो. गोलकीपरसाठी माझी शाळेतली कबड्डी. माजी मंत्र्यांसाठी, एक मंत्री माझा माईक हातात घेऊन तसाच गाडीत बसून गेला होता, तो किस्सा. मंत्री वेगळा होता, पण क्षेत्र तेच.

संध्याकाळी
सगळं सलग वाचून पाहिलं. उत्तम. चारही दिवंगतांना जोडणारा एक धागा दिसतो.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ खाता खाता हेमेंद्रला सांगितलं, ३१ ला मोठा सेट लागेल. तो म्हणाला, "बाबा, नाटकाईचा सीझन आहे, दोन्ही सेट बुक आहेत, तुमी तो जुना हातातला भोंगा घेऊन जा." मी मोठ्या मनाने होकार दिला. विचार दमदार असले की भोंगाही पुरतो.

१८ जानेवारी
घरोघरी चौघांचे फोटो छापलेलं निमंत्रण दिलं. लोक फोटो पाहतात आणि विचारतात, हे कोण? समजावून सांगितलं की म्हणतात, अरे अरे, आणि दार लावतात. अंजू म्हणाली, बाबा, आपल्या भागातलं कोणी असलं तर लोक येतील.
मुद्दा बरोबर आहे. आपल्या भागातल्या थोर माणसांना डोळ्यांसमोर आणलं. सगळे ठणठणीत. यंदा थंडीही म्हणावी तशी नाही.

२१ जानेवारी, सकाळी
परसरामचा फोन. हा जमुनाचा भाऊ, चिचगडला हिरडा-मोहाचा व्यापार करतो. तिथे रेंज नसते, आवाज तुटत होता. पण महत्त्वाचं ऐकू आलं. "दुलीचंद गेला ना भाऊजी, आज सकाळीच." मग तुटक तुटक: "पोरगी बसपर्यंत आली रडत... डॉक्टरनं डोळ्याचं... नागपूर..." आणि फोन कटला.
सगळं लक्षात आलं. नेत्रदान! डोळे बसने नागपूरला रवाना केले. जाता जातासुद्धा माणूस मोठं काम करून गेला.
मास्टर दुलीचंद. झाडीपट्टीच्या नाटकांतला एके काळचा राजा. रात्रभराच्या नाटकात पहाटेपर्यंत त्याचा आवाज बसत नसे. माझा जिवलग मित्र. वीसेक वर्षांपासून बोलणं बंद. चूक कोणाची होती ते इथे लिहीत नाही. त्याची होती.
जमुना म्हणाली, परसरामले परत फोन लावून धड विचारा. मी म्हटलं, दुःखाच्या वेळी सारखा सारखा फोन करू नये.
डोळ्यांत पाणी आलं. घरात कांदा चिरणं चालू नव्हतं. नोंद करून ठेवतो.

२२ जानेवारी
गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर बातमी टाकली. पाच मिनिटांत सगळीकडे. ज्या लोकांनी शास्त्रज्ञांसाठी दार लावलं, ते आज घरी येऊन विचारतात, सभा किती वाजता? एकदम हवा झाली. दुलीचंदने आयुष्यात पहिल्यांदा माझं ऐकलं, असं वाटलं.
फ्लेक्सच्या दुकानात पीयूषकडे गेलो. दुलीचंदचा एकच फोटो मिळाला, डाकूच्या भूमिकेतला, हातात बंदूक. पीयूष म्हणाला, काका, बंदूक कापली तर हातही जाते. राहू दिली. बंदुकीखाली "भावपूर्ण श्रद्धांजली". बाकीचे चौघे कोपऱ्यात, तिकिटाएवढे.

२७ जानेवारी
दुलीचंदवरचं भाषण लिहून झालं. त्याचं हसणं, नाटकानंतर सकाळी तळ्यात दोघांनी केलेल्या आंघोळी, माझ्या लग्नात तो तीन दिवस राबला ते. जमुनाला वाचून दाखवलं. पहिल्यांदाच ती शेवटपर्यंत बसली. म्हणाली, "हे त्याले जिता असताना सांगतलं असतं तं?" आणि आत गेली. प्रशंसाच म्हणायची.
एक उणीव आहे. या भागात मी फारच कमी आलो. शेवटी एक परिच्छेद वाढवला: भांडण काय होतं, चूक त्याची कशी, आणि मी त्याला जाहीर माफी कशी देतो.

३१ जानेवारी, दुपारी
पाहुणा म्हणून येतो असं कोणी म्हटलं नाही. मीच अध्यक्ष, मीच वक्ता, मीच सूत्रसंचालक. अध्यक्षांना द्यायची शाल आणली. रंग मला शोभेल असा आहे.

१ फेब्रुवारी, सकाळी
काल फार लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो. घडलं ते असं.
मैदान भरलं होतं. आमगाववरून माझी बहीण सुशिलाबाईही रेल्वेने आली. शास्त्रज्ञ ते मंत्री, लोकांनी शांतपणे ऐकलं. काहींनी तर डोळे मिटून. मग दुलीचंद. म्हणालो, आज त्याच्या डोळ्यांनी नागपुरात कोणीतरी हे जग पाहत असेल!
त्याच वेळी मागच्या रांगेत काळा चष्मा लावलेला, मफलर गुंडाळलेला एक माणूस येऊन बसला होता. जावयासोबत नागपूरहून परत जाताना बसमध्ये त्याला कळलं, अर्जुनीत एका मोठ्या कलावंताची शोकसभा आहे. कलावंत म्हटल्यावर तो उतरला. डोळ्यांना अजून अंधुक दिसत असल्याने फ्लेक्स वाचता आला नाही. त्याने शेजारच्या बाईला विचारलं, "बाई, कोण गेला वं?" ती बाई उठून पळाली. चपला अजून मैदानात आहेत.
मला स्टेजवरून एवढंच दिसलं की लोक एक एक करून तोंड मागे फिरवून राहिले. वाटलं, अश्रू लपवतात. जोर चढला. मी भांडणावर आलो. म्हणालो, नाटकाच्या ऐन रंगात दुलीचंदने भर लोकांत माझ्या माईकला नावं ठेवली, मी त्याच क्षणी माईक बंद केला, त्यात माझी काही चूक नव्हती, तरी आज मी त्याला माफ करतो!
मागून आवाज आला. माईकशिवाय. पार मैदानभर.
"उदाराम! माईक तू बंद केला, अन् माफी मलेच देऊन राहिला का बे?"
भोंगा हातातून पडला. पण बंद पडला नाही, त्यामुळे पडल्याचा आवाजही सगळ्यांना ऐकू गेला.
दुलीचंद स्टेजवर आला. मोतीबिंदू काढला होता त्याचा. मी त्याला शांतपणे सांगितलं की फ्लेक्स छापून झालाय, आता बदल करता येणार नाही. त्याने लक्ष दिलं नाही. खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "मले मागून नीट आयकू नाही आलं. पयल्यापासून वाच."
वाचलं. तळ्यातल्या आंघोळीपाशी दोघांचेही डोळे भरले. डॉक्टरांनी त्याला रडू नको सांगितलं होतं, म्हणून त्याने मला थांबवलं. माफीचा परिच्छेद वेळेअभावी गाळला. नंतर त्याने डाकूचा पूर्ण प्रवेश करून दाखवला. टाळ्या. शाल त्याच्या अंगावर गेली. त्यालाही रंग बरा दिसला, हे मान्य करावं लागेल.
एकंदरीत सभा यशस्वी.

२ फेब्रुवारी
दुलीचंद आमच्याचकडे मुक्कामाला आहे. जावई चिचगडला गेला, हा राहिला. त्याच्या डोळ्यांत दिवसातून चारदा थेंब टाकायचं काम माझ्याकडे. जमुना त्याला विचारून भाजी करते. मला कधी विचारलं नाही. तो म्हणतो, पुढच्या सभेत भाषण तो करणार. मी म्हटलं, विचार करू. हेमेंद्र आणि अंजू म्हणाले, विचार झाला.
संध्याकाळी गोंदियाच्या एका साप्ताहिकाला बातमी लिहून पाठवली. पत्रकाराची धावपळ नको म्हणून माझा जन्म, शिक्षण, साऊंड सर्व्हिसची वाटचाल, कुटुंब, सगळं सविस्तर दिलं. सोबत फोटो. कोट घातलेला.

७ फेब्रुवारी
बातमी आली! फोटो मोठा. दुलीचंदला छोटी अक्षरं दिसत नाहीत म्हणून मोठ्याने वाचून दाखवायला बसलो.
"गेल्या महिन्यात निधन पावलेले शास्त्रज्ञ, गायिका, हॉकीपटू, माजी मंत्री तसेच माईकवाले उदाराम कापगते यांना अर्जुनी मोरगाव येथे श्रद्धांजली वाहण्यात आली. कापगते यांच्या मागे पत्नी, मुलगा, सून असा परिवार आहे. त्यांचे जिवलग मित्र मास्टर दुलीचंद यांनी आठवणींना उजाळा दिला."
दुलीचंद उठून उभा राहिला आणि दोन मिनिटं मौन पाळलं. त्याला इतका वेळ गप्प मी प्रथमच पाहिलं.

दुपारी
साप्ताहिकाला फोन केला. कडक शब्दांत बोलायचं ठरवलं होतं. पलीकडून विचारलं, आपण दिवंगतांचे कोण? मी म्हणालो, मीच. ते म्हणाले, हो, पण नातं काय? बराच वेळ बोलणं झालं. शेवटी ते म्हणाले, दुरुस्ती छापतो, पण घरच्या कोणाची तरी सही पाठवा, की माणूस हयात आहे.
तसा मजकूर लिहून काढला आणि जमुनासमोर ठेवला. ती दुलीचंदसाठी वडे तळत होती. म्हणाली, "घाई कायची आहे? धुणं झाल्यावर पाहू."