सोमवारची नोंदवही

प्रिय शेंडेफळ,

गोळ्या वेळेवर घेतेस ना? आई म्हणाली, दुपारपर्यंत अंथरुणातच असतेस, केस विंचरायलाही उठत नाहीस. असं करू नये गं. सकाळी दहा मिनिटं चाल, खिडकीपाशी बसून शांतपणे चहा पी, स्वतःसाठी थोडा वेळ काढ. नाक मुरडू नकोस. मनःस्वास्थ्यावर शिक्षकांसमोर चार व्याख्यानं ठोकली आहेत मी, तेव्हा सख्ख्या बहिणीला उपदेश करायचा मला हक्क आहे.

शाळेत सगळं ठीक. प्रयोगशाळेतलं टेबल रंगवून घेतलं, जळल्याचा डाग आता दिसत नाही. तुझी सातवी चित्रकलेच्या सरांकडे दिली आहे. त्यांना विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही, पण वर्ग चिडीचूप बसतो. ती मुलगीही यायला लागली. मनगटापासून कोपरापर्यंत नवी कातडी गुलाबी दिसते आणि उजव्या हाताची दोन बोटं अजून मिटत नाहीत. मधल्या सुट्टीत रोज माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहायची आणि विचारायची, आमच्या बाई कधी येणार? काल मी तिला सांगून टाकलं की बाईंना परत यायचंच नाहीये. आज आली नाही. बरं झालं, किती दिवस तेच तेच उत्तर देणार?

ती नोंदवही सुरू झाली तेव्हा सगळ्यांत जास्त तूच हरखली होतीस. मुलांनी आपलं मन आपल्या वर्गातल्या वहीत सांगायचं आणि शिक्षकांनी माझ्या खोलीतल्या. दर सोमवारी प्रार्थनेआधी एकेकाने आत यायचं, फट पाडलेल्या पुठ्ठ्यातून त्या दिवशीच्या नव्या पानावरची फक्त आपलीच ओळ बघायची आणि तीनपैकी एका चौकोनात खूण करायची: बरं आहे, जेमतेम, मदत हवी. जो शिक्षक मदत मागेल त्याला दोन दिवस विश्रांती आणि त्याचे तास इतरांना वाटून द्यायचे, असं मोठ्या बाईंनी ठरवलं. वाटून देण्याचं लचांड पर्यवेक्षिका म्हणून माझ्या गळ्यात पडलं. खूण पेन्सिलीने करायची, ही सूचना मात्र माझी. मनाचं काय, घटकेत बदलतं, असं मी म्हटलं तेव्हा शिक्षकखोली खो खो हसली होती, आणि तुझं हसू सगळ्यांत शेवटी थांबलं होतं.

त्या मुलीने पहिल्याच महिन्यात वर्गाच्या वहीत ‘मदत हवी’वर खूण केली. घरी आईवडिलांचं लग्न मोडत आलेलं आणि ही शाळेत डबाही उघडायची नाही. तू रोजची मधली सुट्टी तिच्याशेजारी बसून काढायला लागलीस, तिच्यापायी स्वतःचाही डबा बंद ठेवून. मला तुझा राग यायचा. खरं सांगू? जळायचे मी तुझ्यावर. माझी व्याख्यानं ऐकून माणसं जांभया द्यायची आणि तुझ्याकडे मुलं आपणहून यायची. लहानपणीही आपल्या घरात असंच होतं. अभ्यास मी करायचे आणि कौतुक तुझं व्हायचं.

त्या दिवशी नेमकं काय झालं ते तू चौकशी समितीसमोर धडपणे सांगू शकली नाहीस, पण सातवीच्या मुलांनी सांगितलं. स्पिरिटचा दिवा पेटवून तू बोलत होतीस, बोलता बोलता गप्प झालीस, खडू टेबलावर ठेवलास आणि बाहेर पडलीस. पाव तास तू साहित्याच्या खोलीत जमिनीवर बसून होतीस. बाईंना कुणी रागावू नये म्हणून ती मुलगी दिवा विझवायला पुढे झाली आणि दिवा कलंडला. हे समितीला सांगताना ती रडली नाही. तू रडलीस. रडत रडत म्हणालीस की मी तीन सोमवार मदत मागितली होती. मग मीच वही उघडून सगळ्यांपुढे धरली. तिन्ही सोमवारी तुझ्या नावापुढे ‘बरं आहे’. समितीतल्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्मा चढवला आणि कॉपी करताना पकडलेल्या पोरीकडे बघावं तसं तुझ्याकडे बघितलं.

पंधरा दिवसांनी तू फोनवर विचारलंस, ताई, मी खरंच खूण केली होती का गं, की मला नुसतं वाटतंय? मी म्हटलं, बाळा, तेव्हा तुला काही धड आठवतच नव्हतं, डॉक्टरांना सांग हे. तू गुणी मुलीसारखं सांगितलंस आणि त्यांनी गोळी वाढवली. फोन ठेवल्यावर मला वाईट वाटलं. अगदीच दगड नाही मी. पण हायसंही वाटलं, आणि ते जास्त वाटलं.

आता मुद्द्याचं. गुरुवारी तुझ्यापुढे एक कागद येईल. मी कधीच मदत मागितली नाही, न सांगता वर्ग सोडला, दोष सर्वस्वी माझा, असं त्यात आहे. तू पुन्हा कुठेही शिकवणार नाहीस, एवढ्यावर मुलीचे वडील तक्रार मागे घ्यायला तयार आहेत. पण खूण केली होती की नाही हे नक्की कळल्याशिवाय सही करणार नाही, असं तू आईला सांगितलंस म्हणे. उठून केस विंचरवत नाहीत आणि हट्ट बघा बाईसाहेबांचा! म्हणून हे पत्र. केली होतीस. तिन्ही सोमवारी, ‘मदत हवी’वर, कागद फाटेल इतकी दाबून. त्या तिन्ही सोमवारी गणिताच्या बाईंनी आणि भाषेच्या सरांनीही केली होती आणि तिघांना सोडलं असतं तर शाळा चालली नसती. त्या बाई थेट मोठ्या बाईंकडे गेल्या असत्या, सर शिक्षक संघटनेकडे. तू कुठेच गेली नसतीस. म्हणून मी तुझी खूण खोडली, ‘बरं आहे’च्या चौकोनात केली आणि त्या दोघांचे तासही तुझ्याच वेळापत्रकात घातले. तू निमूट घेतलेस. तेव्हा तू वेडी नाहीस, शेंडेफळ, तुला सगळं बरोबर आठवतंय. आता खात्री पटली ना? मग गुरुवारी अकरा वाजता नीट आवरून ये आणि सही कर. तू माझं नाव कुणाला सांगणार नाहीस. ते मला पहिल्या सोमवारीच ठाऊक होतं.

तुझीच,
ताई