गर्डर दीड फूट का सरकला

पंचवटी, नाशिक
९ एप्रिल १९९९

ती. सौ. सगुणावन्संना वत्सलेचा नमस्कार.

मंगळवारी सकाळी नळ येऊन गेला होता, पिंप भरून झालं होतं आणि मी उंबऱ्यात डाळ निवडत बसले होते, तेवढ्यात तुम्ही देवळ्याहून पाठवलेले कारभारी गवंडी आतून ओरडले, "वहिनी, गर्डर बसला!" (तुमच्या गुडघ्याची चौकशी राहिलीच. तेल लावता ना? उन्हाळ कांदा चाळीत पडला असेल. यजमानांना नमस्कार.)

आत जाऊन बघते तर गर्डर यांच्या हार घातलेल्या फोटोजवळ मी केलेल्या खुणेपासून दीड फूट सरकलेला आणि त्याचं टोक बरोबर खिडकीच्या डोक्यावर. तुम्हाला ठाऊक आहे, माझी नऊ पोती पुस्तकं ठेवायला पोटमाळा करायचाय आणि त्याचा सगळा भार या एका गर्डरवर. खाली दुपारी आळीतल्या बायका वाचायला बसतात. मी रद्दीतून आणलेलं ओव्हरसियरचं पुस्तक चार वेळा वाचलंय (चौथी पास बाईला चार वेळा वाचावं लागतं). त्यात स्पष्ट आहे, की लोखंडाचं टोक नुसत्या विटांवर टेकवू नये, नाहीतर विटा चुरतात. टोकाखाली काँक्रीटचा ठोकळा हवा, त्यावर जाड पत्रा, ठोकळ्यात रोवलेले बोल्ट, आणि हे सगळं सलग भिंतीत. खिडकीवर तर मुळीच नाही.

कारभारींना विचारलं, का सरकवला? ते फोटोकडे बघायला तयार नाहीत. "दादांच्या डोक्यावर लोखंड? नाय जमायचं वहिनी. देवळ्याच्या बाईंना काय तोंड दाखवू?"

म्हटलं, "पंचवीस वर्षं त्यांच्या डोक्यावर मी होते. तेव्हा कुणाला दया आली नाही."

पण ऐकतील तर शपथ. यांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही स्वतः स्टुलावर चढून फोटोचा खिळा ठोकलात आणि "मी जिवंत असेतो दादाला इथून कुणी हलवायचं नाही" म्हणालात, तेव्हा कारभारी तुमचं स्टूल धरून उभे होते. आता एका बाजूला दार, दुसऱ्या बाजूला खिडकी, आणि सलग भिंत तेवढी तीच, जिथे हे हसत बसलेत.

बोल्टांवरूनही वाद झाला. मी म्हटलं, एका टोकाची भोकं लांबट ठेवा, उन्हाळ्यात लोखंड हातपाय पसरतं. कारभारी म्हणाले, "भोक सैल म्हणजे काम सैल. लोक हसतील मला." शेवटी समजावलं, की एक टोक सासर, घट्ट आवळलेलं. दुसरं माहेर, थोडी ये-जा चालते. दोन्हीकडून आवळलं तर बाई काय करते, भिंत फोडते. हे त्यांना लगेच पटलं. (त्यांना पाच मुली आहेत.)

फोटोचं मात्र पटेना. माझाही तीन दिवस त्याला हात लावायचा धीर झाला नाही. रोज सकाळी हार बदलते, तेव्हा पेपरातलं काहीबाही वाचून दाखवते, ती सवय. आता तो कुठे न्यायचा, हे काही त्या पुस्तकात नाही. भाऊ तुमचा, तेव्हा तुम्ही सांगाल तसं करीन. तुमच्या उत्तराची वाट बघते.

तुमची,
वत्सला

ता. क. उत्तराची घाई नाही. कारभारींना मी सांगून टाकलंय, की शेजारच्या फोनवर तुमचा निरोप आला, दादाला खुशाल हलवा म्हणून. ते अक्षयतृतीयेला देवळ्याला येतील आणि तुम्हाला विचारल्याशिवाय राहायचे नाहीत. तेवढं "हो" म्हणा. पत्राचं कारण खरं तर एवढंच.

आणखी एक. हे पत्र काल पेटीत टाकायचं राहिलं. आज सकाळी मी फोटो उतरवला आणि खिळा उपटला. मागे भिंतीचा जुना हिरवा रंग निघाला, यांनी स्वतः दिलेला. मग तिथेच खडूने फुली मारली आणि कारभारींना म्हटलं, "फोडा."