मोकळी ठेवलेली जागा

प्रिय दिपमाला,

फोनवर मला शब्द सापडत नाहीत, म्हणून लिहितो. शेजारचा वना उद्या धुळ्याला येतोय, त्याच्याच हाती देतो. सातवीपर्यंत शिकलेला माणूस मी, चुकलं तर सांभाळून घे. तिथे शालिग्राममामाकडे मुक्काम आहे तोवर गरम पाणी मागायला लाजू नकोस. तुझ्या त्या खोकल्याची मला काळजी वाटते.

तुझं काम नक्की काय, हे मला कधी लोकांना धड सांगता आलं नाही. दीपनगरला वीजकेंद्राच्या कॉलनीत साहेबांच्या बाईंकडे तू पियानो शिकलीस, मुंबईच्या हॉटेलात जॅझ वाजवलंस, तोवर ठीक होतं. पोरगी मोठी पेटी वाजवते, असं सांगायचो. मग तू नाटकांची अरेंजर झालीस, पुढे सिनेमांची. वना म्हणाला, नाना, पोर खुर्च्या लावस का मंग? तेव्हा तूच समजावलंस, की चाल दुसऱ्याची असते. कोणतं वाद्य कुठे वाजेल आणि कुठे गप्प बसेल, ते तू ठरवतेस. वाजण्याचं मला समजलं. गप्प बसण्याचं डोक्यात शिरलं नाही.

म्हणून रविवारी ते घडलं. तुझं नाटक जळगावात आलं, वाजवायलाही तूच होतीस. मी वनाला, कुंदाबाईंना, आपली पिंप्राळ्याची अर्धी गल्ली घेऊन पुढे बसलो. नाटकातली ती म्हातारी रिकाम्या घरात शिरते आणि तुझा पियानो थांबतो. माझी सगळी नोकरी वीजकेंद्रात गेली, पोरी. तिथे आवाज थांबला म्हणजे काहीतरी बिघडलं, आणि आधी ओरडेल तो शहाणा. मी उभा राहून ओरडलो, आवाज बंद पडी गया रे भो, देखा जरा. सगळं नाट्यगृह हसलं. त्या बिचाऱ्या नटीलाही हसू आवरेना. कडेला पियानोपाशी तू मला दिसलीस. तू मान खाली घातलीस. नंतर पडद्यामागे गेलो, तर तुमची गाडी निघून गेली होती. परत येताना रिक्षात वना म्हणे, नाना, खरे अरेंजर तुम्हीच. मी तोंड बाहेर काढून बसलो. तेव्हापासून गिरणीवर दळण टाकायलाही मागच्या रस्त्याने जातो.

पण माफी मागायला हे लिहीत नाही. काल मामाचा फोन आला. धुळ्याचा प्रयोग छान झाला म्हणाला. त्या रिकाम्या घराच्या प्रसंगात पियानो थांबायचा, तिथे तू आता बासरी घातली आहेस, त्यामुळे कोणी गोंधळलं नाही, असं तो खुशीत सांगत होता. मी ताट बाजूला सारलं. तुझी आई गेली, आपण दीपनगरच्या क्वार्टरचं कुलूप उघडून आत आलो, तेव्हा कुठे गं वाजत होती बासरी? तुला ते बरोबर आठवत होतं आणि मी ओरडून बिघडवलं. अमळनेरच्या प्रयोगाला ती बासरी काढून टाक. कोणी ओरडलं तर ओरडू दे.

तुझाच,
नाना