डब्यात काय आहे ते बापूसाहेबांनी सांगावे

मी, भानुमती अंबादास पांढरीपांडे, विधवा, वय एकसष्ट, राहणार राइट टाउन, जबलपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. डॉक्टरांनी माझी छाती तपासली; डोके तपासायची गरज त्यांना वाटली नाही, हे नमूद करते.

१. माझे दोन खोल्यांचे घर पुतण्या अच्युत याला मिळावे. अट एकच: दर शनिवारी दुपारी पुढची खोली वसुधा, शरयू आणि नंदा या माझ्या मैत्रिणींना तालमीसाठी मोकळी असावी. आमच्या गलक्याला कंटाळून शेजारी "दीदी, फिर हल्ला शुरू?" असे विचारतील. त्यांना चहा पाजावा.

२. चांदीची वाटी वसुधाला. नाटकात तिने सासू अशी हुबेहूब केली, की घरची सासू महिनाभर तिच्याशी बोलली नाही.

३. वेताची खुर्ची माझी आहे, हे ध्यानात असावे. आम्हा चौघींच्या नाटकाच्या तालमी अकरा आठवडे चालल्या, तेव्हा नाट्यमंडळाचे चिटणीस बापूसाहेब बक्षी तिच्यावर बसून पेन्सिल चालवीत. आम्ही खाली गोल करून भुलाबाईच्या सणात मुली खेळतात तो खेळ खेळायचो: एकीने बंद डबा वाजवायचा, बाकीच्यांनी आतला खाऊ ओळखायचा. फरक इतकाच, की कोणीतरी होऊन ओळखायचा. वसुधा सासू झाली, नंदा वाणी झाली, भांडणे लागली, आणि त्यातून तीन अंक उभे राहिले. बापूसाहेब म्हणायचे, "अच्छा! नाटक सोडून हा काय पोरखेळ करून राहिल्या तुम्ही?" मग तोच पोरखेळ त्यांनी स्वतःच्या नावाने छापला. आता त्यांच्या लेखी परवानगीशिवाय तो आम्हीच करायचा नाही म्हणे! काहून? खुर्ची नंदाला द्यावी.

४. पितळी डबा. नाटकाची माझ्या हातची वही त्यात आहे, अशी बापूसाहेबांची समजूत आहे. माझ्या समाचाराला तीनदा आले आणि तिन्ही वेळा चौकशी डब्याचीच केली. माझे तेरावे झाल्यावर सर्वांना बोलवावे. शरयूने डबा वाजवावा आणि तालमीत त्यात काय असायचे, ते बापूसाहेबांनी हात न लावता ओळखावे. ओळखले, तर डबाही त्यांचा आणि नाटकही. हुकले, तर पुस्तकाच्या प्रत्येक प्रतीवरचे आपले नाव खोडून आमची चार नावे लिहावी, आणि परवानगीचे पुन्हा काढू नये. अट मंजूर असल्याचे आधी सर्वांदेखत त्यांच्याकडून वदवून घ्यावे. वहीच्या आशेने बोलतीलच.

अच्युता, इथे थांब. पुढचे खेळ झाल्यावरच सर्वांना वाचून दाखव. चेहरा सरळ ठेव. त्या चेहऱ्यामुळेच तुला कधी नाटकात घेतले नाही.

५. डबा रिकामा आहे. पहिल्या दिवशीचे फुटाणे आम्ही खाऊन टाकले, नंतर त्यात कधी काही नव्हतेच. वाजायच्या त्या शरयूच्या बांगड्या. माझे हात बांगड्यांविना मोकळे, म्हणून वाजवायला डबा तिच्याकडे असायचा. पुस्तकाच्या नवव्या पानावर बापूसाहेब लिहितात, "डब्यात लाडू खुळखुळतात." लाडू कधी खुळखुळलेत का हो, बापूसाहेब?

गोलात बसलेल्या प्रत्येकीला हे ठाऊक होते. तुम्ही एकदा जरी खाली बसला असता, तरी डबा तुमच्याही हाती आला असता. मला राग आहेच, पण वाईट याचे जास्त वाटते. पाचवे नाव आम्ही आनंदाने लिहिले असते.

६. माझी चटई बापूसाहेबांना द्यावी. तालीम शनिवारी तीन वाजता असते.

सही: भानुमती अंबादास पांढरीपांडे

आमच्यासमोर सही झाली:
शैलेंद्र तिवारी, शेजारी (हल्ल्याची तक्रार यांचीच)
विठोबा बोकडे, शिक्षक

जबलपूर, मध्यप्रांत, ता. ९ नोव्हेंबर १९३८