प्रज्ञा मध्येच थांबते

मिरजगाव,
रविवार, दुपार

प्रिय रवी,

पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, घरी सगळं ठीक आहे. बाबांची साखर ताब्यात आहे, तूर कमरेला लागलीय, आणि मांजरीनं तुझ्या कपाटात तीन पिल्लं घातलीयत, ती मी तिथंच राहू दिलीयत. रोज फोन होत असताना आईला पत्राचं खूळ कुठून सुचलं असं तुला वाटेल. पोस्टात पाकीट मागितलं तेव्हा तिथल्या बाईनंही माझ्याकडे दोनदा पाहिलं. कारण सांगते, पण नेहमीसारखं धाडधाड नाही. आज मला सावकाश सांगायचंय.

जूनमध्ये आमच्या शाळेला सहा टॅब मिळाले हे तुला माहीत आहेच, कारण मी ते गावभर सांगितलं. मूल टॅबसमोर बसतं, पडद्यावर उतारा येतो, मूल मोठ्यानं वाचतं, यंत्र ऐकतं आणि शेवटी एक रंग देतं. हिरवा म्हणजे छान, पिवळा म्हणजे बरं, लाल म्हणजे अजून अक्षरओळखच नाही. मग ज्याचा जो रंग त्याप्रमाणे मुलांचे गट पाडून शिकवायचं. मला हे फार आवडलं. अठ्ठावीस वर्षं मी वह्यांचे गठ्ठे घरी आणून तपासले, आणि आता हातातली पाटी अर्ध्या तासात सगळ्या वर्गाची कुंडली मांडून देते. आजूबाजूच्या शाळांतल्या बाया मला फोन करून विचारायला लागल्या, आणि मी अशी काही ऐटीत सांगायचे की जसं काही ते यंत्र मीच बनवलंय.

ऑगस्टमध्ये पहिली चाचणी झाली. तिसरीच्या एकोणीस मुलांपैकी अठरा हिरवी-पिवळी, आणि एक लाल. ती प्रज्ञा. बारीक, सावळी, दोन घट्ट वेण्यांची पोर. वर्गात फारशी बोलत नाही. मी काय केलं सांगू? रंगांसकट यादी छापून भिंतीवर लावली आणि प्रज्ञाला पहिलीच्या मुलांबरोबर अक्षरांच्या पत्त्यांपाशी बसवलं. ती मुकाट्यानं जाऊन बसली. मला वाटलं, चला, हिचंही आता मार्गी लागेल.

पंधरा दिवसांनी तिची आजी शाळेत आली. गीताबाई त्यांचं नाव. खुरपणीला जातात, त्या दिवशी खाडा करून आल्या होत्या. व्हरांड्यात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बाई, पोरीनं पुस्तक मिटलंय. घरी वाचंना, विहारात चल म्हनलं तर येईना. म्हनती, मला येतच न्हाई वाचायला. तुमी काय बोललात का तिला?" मी म्हणाले, मी कशाला बोलेन, टॅबवर तसं आलंय. त्या म्हणाल्या, "आवो, पन ती तर मला रोज वाचून दावायची." त्यांनी एवढंच म्हटलं आणि त्या निघून गेल्या.

त्या दिवशी मुलं घरी गेल्यावर मी एकटीच वर्गात बसले. उन्हं तिरपी होऊन बाकांवर आली होती, बाहेर कडुनिंबाखाली शेळ्या बसल्या होत्या. टॅब प्रत्येक मुलाचं वाचन साठवून ठेवतो हे मला ठाऊक होतं, पण ते उघडून ऐकावं असं कधी सुचलं नव्हतं. रंग कळला की झालं. मी कानात इअरफोनची ती बोंडं घातली आणि एकेक आवाज ऐकत गेले. रिकामा वर्ग आणि कानात मुलं. गुंगी आल्यासारखं झालं. डोळे मिटले की वाटायचं, इतक्या वर्षांतली सगळी मुलं एकामागून एक येऊन माझ्या कानाशी वाचून जातायत, आणि त्यात कुठेतरी चौथीतला तूही आहेस, निळ्या स्वेटरमधला.

आणि प्रत्येक आवाजामागे अजून एक आवाज होता. माझा. मूल जरा अडलं की मागून मी. "विहीर. विहीर आहे ते, चल पुढे." मूल श्वास घेतंय तोच मी. "हं, मग राजानं काय केलं? दवंडी. दवंडी पिटली." रवी, अठरा मुलांच्या वाचनात मी अठरा वेळा आहे. किती हिरवे रंग त्यांचे आणि किती माझे, देव जाणे.

फक्त प्रज्ञाच्या वाचनात मी नव्हते. तिच्या वेळी पोषण आहाराचा तांदूळ आला म्हणून मी बाहेर गेले होते. ती तीन-चार शब्द वाचते, स्वच्छ, एकही चूक नाही, आणि थांबते. बराच वेळ काही नाही. मग पुढचा शब्द, तोही स्वच्छ, आणि पुन्हा शांत. त्या शांततेत लांबून ट्रॅक्टर ऐकू येतो, एक कोंबडा ऐकू येतो. मग तर टॅबच टिंग करून पुढच्या पानावर जातो आणि पोर गप्प होते. मी तुला मेसेज करून विचारलं होतं ते याचसाठी. तू शोधून लिहिलंस की यंत्र तीन सेकंद थांबतं, तेवढ्यात आवाज आला नाही तर शब्द येत नाही असं धरतं. या वर्षातला तुझा सगळ्यात लांब मेसेज होता तो.

पण ती थांबत का होती? गीताबाई विहाराचं बोलल्या होत्या, म्हणून ते कळायला मी विहारात गेले. वर्षावासाचे, म्हणजे बौद्धांच्या चातुर्मासाचे दिवस आहेत, तिथं रोज दिवेलागणीला ग्रंथवाचन असतं. शाळेपासून दोनशे पावलांवर विहार, सहा वर्षं मी या गावात शिकवतेय, आणि आत पाऊल त्या दिवशी पहिल्यांदा टाकलं. याची मला लाज वाटली, ती तुझ्यापाशी लपवत नाही. पांढरी लुगडी नेसलेल्या बायका, मेणबत्त्या, उदबत्तीचा वास. बँकेतले भीमराज वाचत होते, खणखणीत आणि भरभर. गीताबाई पुढ्यात बसून ओठ हलवत होत्या आणि त्यांना गाठता गाठता मागे पडत होत्या. वाचन संपलं, सगळ्यांनी हात जोडून 'साधू, साधू' म्हटलं. मग गीताबाई माझ्याशेजारी येऊन टेकल्या. म्हणाल्या, "मला अक्षर येत न्हाई, बाई. मी ऐकून पाठ करती. आमची पोरगी कशी, येक घास द्यायची, मी गिळूस्तर थांबायची, मंग दुसरा. भीमराज समदं ताटच तोंडात उपडं करत्यात." आणि हसल्या. मला हसू आलं नाही.

दोन वर्षं ती पोर रोज संध्याकाळी आजीला वाचून दाखवत होती. चार शब्द वाचायचे, आजीनं ते पुटपुटत परत म्हणेपर्यंत थांबायचं, मग पुढचे चार. वाचणं म्हणजे असंच असतं असं तिला वाटतं. टॅबसमोरही ती समोरच्यासाठी थांबली होती. समोरचा काहीच म्हणेना, म्हणून घाबरली.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरची यादी काढली आणि सगळ्या मुलांसमोर सांगितलं की चूक माझी होती. हे म्हणायला मला फार जड गेलं. गीताबाईंना बोलावलं होतं, त्यांना पहिल्या बाकावर बसवलं. टॅब लावला आणि प्रज्ञाला म्हटलं, वाच, आजी ऐकायला आलीय. ती वाचेना. मान खाली, हात मागे. पडद्यावर आलं, आवाज ऐकू आला नाही, आणि टॅब बंद पडला. पहिला शब्द माझ्या अगदी जिभेवर होता. 'एका'. नुसता 'एका' म्हटलं असतं तरी गाडी सुरू झाली असती. मी ओठ दाबून धरले. भिंतीवरच्या घड्याळात सेकंदकाटा एकदा फिरला, दुसऱ्यांदा फिरला. ही आता कधीच वाचणार नाही असं वाटलं. गीताबाईंनीच नुसती मान हलवली. आणि मग खालच्या मानेनंच प्रज्ञा म्हणाली, "एका गावात एक." आजी पुटपुटली. प्रज्ञानं मान वर केली आणि पुढचं वाचलं. दोन पानांची गोष्ट वीस मिनिटं चालली आणि बाकीच्या अठरा मुलांतलं एकही जागचं हललं नाही.

आता ती तिसरीतच बसते, आणि संध्याकाळी विहारातही जाते. तिचा लाल रंग बदलेल की नाही मला माहीत नाही. शिक्षकांच्या नोंदीच्या रकान्यात मी मावेल तेवढं लिहिलंय. टॅबवर माझा राग नाही. त्यानं ते वाचन जपून ठेवलं नसतं तर मला हे कधीच कळलं नसतं. आणि तो बिचारा तीन सेकंद तरी थांबतो.

मी तेवढीही थांबत नाही, रवी. तुझ्यासाठी तर कधीच थांबले नाही. लहानपणी तू शब्द शोधायचास आणि मी तो हातात कोंबायचे. परिपाठात तू उभा राहायचास आणि मागून सगळं मीच बोलायचे. लोक म्हणायचे पोरगा अबोल आहे, मीही तेच म्हणत आले. मे महिन्यात तू दोन दिवस आलास. सकाळी पोहे खाताना म्हणालास, "आई, मला तुला एक," आणि मी म्हणाले, लग्नाचंच ना, बघू दिवाळीनंतर. तू हसलास, बशी उचललीस आणि संध्याकाळच्या गाडीनं गेलास. ते लग्नाचं नव्हतं. तुझ्या हसण्यावरून मला तेव्हाच कळलं होतं, तरी मी विचारलं नाही. तेव्हापासून फोनवर नुसतं हो, बरं, जेवलो. तुला काय सांगायचं होतं याचा अंदाज मी या चार महिन्यांत शंभर वेळा बांधला, आणि आता बांधणं सोडलंय. फोन करू नकोस, फोनवर मी पुन्हा मध्ये बोलेन, माझी खोडच आहे ती. तू तुझ्या आवाजात ते रेकॉर्ड कर आणि मला पाठव. हवं तेवढं लांब कर, हवं तिथं थांब, पाहिजे तर अर्धा तास गप्प राहा. मी कानात ती बोंडं घालून मागच्या अंगणात बसेन आणि तू संपलं म्हणेपर्यंत ऐकेन.

वाट पाहत,
तुझीच,
आई