दाटलेली बाग

प्रिय पोरी,

चार वर्षांनी लिहितोय. पाकीट न फोडता फेकून दिलंस तरी तुझं चुकलं असं म्हणणार नाही.

आईचे गुडघे पार गेलेत, भिंत धरून स्वयंपाकघरापर्यंत जाते. बागेचंही काही खरं राहिलं नाही. दहा फुटांवर ओळी, ओळीत पाच-पाच फुटांवर आंब्याची कलमं अशी दाट लागवड तू केलीस, तेव्हाच बजावलं होतंस, "बाबा, फळ उतरलं की लगेच छाटणी. एक वर्ष चुकलात तर झाडं एकमेकांच्या अंगावर येतील." तू बागांच्या सल्लागाराच्या नोकरीवर गेलीस आणि पहिल्याच हंगामात माझा हात धजला नाही. वाटलं, जितक्या फांद्या तितके आंबे. दुसऱ्या वर्षीही करवत खुंटीलाच राहिली. तिसऱ्या वर्षी बागेत भरदुपारी अंधार, फळं फक्त शेंड्याला, खाली नुसत्या वाळक्या काटक्या.

मग मी घाबरलो. वाढ रोखणाऱ्या औषधाचं माप तू चिठ्ठीवर लिहून दिलं होतंस, मी औषध तिप्पट ओतलं. तुला विचारलं असतं तर छाटणी केली नाही हेही सांगावं लागलं असतं. पालवी मुठीसारखी आखडली. मोहर आला तसा गळून गेला.

त्यानंतरची बागायतदारांची सभा तू विसरली नसशीलच. तुझ्या शब्दावर अकरा जण दाट लागवड करणार होते. त्यांनी विचारलं, तुमची बाग का बसली? मी म्हणालो, "पोरीचं पुस्तकी शहाणपण, दुसरं काय!" तू मागच्या खुर्चीत होतीस. वाटलं, उठून भांडशील. तू पिशवी उचललीस आणि निघून गेलीस. मी अडवलं नाही. त्या एका वाक्यापायी ते अकरा जण मागे फिरले आणि तुझी नोकरी गेली, हे मला पुढे आईकडून कळलं.

नंतर मी झाडं कमरेइतकी कापून पाहिली. निम्मी वाळली, बाकीची खुरटली. परवा मशीन आलं आणि अर्ध्या दिवसात सगळी उपटून गेलं.

काल पुन्हा सभा होती. मी उभा राहिलो, छाटणीचं, औषधाचं, सगळं सांगितलं. म्हणालो, "लागवड बरोबर होती. खोटं मी बोललो." सात जण होते, त्यांतला जुना एकच. तो म्हणाला, "जाऊ द्या हो, आता कोणाला आठवतंय?" आणि पुढचा विषय सुरू झाला. तुझ्यावरचा डाग पुसायला गेलो, तर तो लागल्याचं आठवणारं माणूसच उरलं नाही. निदान तुझ्या कानावर तरी घालावं, म्हणून हे पत्र. परत ये म्हणायला मला तोंड नाही.

तुझाच,
बाबा